वाडीतील विजेच्या गाडीस बॅटरी कोणती घ्यावी?

रायगड जिल्ह्यातील माथेरान हे मोटारबंदी असलेले थंड हवेचे ठिकाण सर्वांस ठाऊक आहे. तेथे अनेक पिढ्या माणसानेच माणसास हातरिक्षातून ओढून नेण्याची रीत चालत आली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 मधील परवानगीनुसार त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तेथे बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांची चाचणी सुरू झाली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करावी, आणि गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर हातरिक्षाचालकांना विजेच्या रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करावी, असा निर्णय दिला. ज्याचे पोट रिक्षा ओढण्यावर होते त्याचे पोट यापुढे बॅटरीवर अवलंबून राहणार, असा याचा व्यावहारिक अर्थ होय. गाडीचा सांगाडा पुष्कळ वर्षे टिकतो. बॅटरी मात्र चुकीची निवडली तर वर्षा-दोन वर्षांतच निकामी होते आणि गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा खर्च करावा लागतो.

हाच प्रश्न डोंगराखाली किनाऱ्यावरही उभा राहतो. अलिबागच्या अष्टागरापासून मुरूड, श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांतील वाटा अरुंद व रेताड असतात. तेथे टेम्पो शिरत नाही, बैल पाळणे परवडत नाही आणि डोक्यावरून माल वाहणारा मजूर मिळत नाही. अशा वाडीत नारळ, सुपारी, खत व पाहुण्यांचे सामान वाहण्यास गोल्फच्या मैदानावर चालते तशी छोटी विजेची गाडी सोयीची ठरते. ती खासगी वाडीत फिरविण्यास अडचण नाही. परंतु सार्वजनिक रस्त्यावर आणावयाची असल्यास परिवहन खात्याकडील नोंदणी हवी, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे.

बॅटरी घेताना बहुतेक जण प्रथम किंमत विचारतात. वास्तविक पहिला प्रश्न असा असावा : हंगामातील सर्वांत कष्टाच्या दिवशी गाडीस किती युनिट वीज लागेल? व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार करून त्यास हजाराने भागले म्हणजे युनिट मिळतात. 48 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या संचात 4.8 युनिट वीज मावते. हे युनिट म्हणजे वीजबिलावरचेच युनिट, त्यामुळे हिशेब समजण्यास कठीण नाही.

आता खर्चाची बाजू पाहू. गाडी, चालक व माल मिळून 700 किलो वजन धरले, तर कठीण डांबरी रस्त्यावर दर किलोमीटरला ढोबळमानाने 0.06 युनिट लागते. रेताड वाटेवर तेच वजन नेण्यास त्याच्या सुमारे तिप्पट, म्हणजे 0.18 युनिट खर्ची पडते. 30 मीटर उंचीचा चढ चढणे हे डांबरी रस्त्यावरील दीड किलोमीटर चालण्याबरोबर आहे. विक्रेता 'एका चार्जिंगमध्ये 80 किलोमीटर' असे सांगतो तेव्हा तो सपाट रस्ता व हलका भार मनात धरून बोलत असतो. त्यात असत्य काही नसले तरी वाडीवाल्यास त्याचा उपयोग नाही.

समजा, पाडपाच्या दिवशी आठ खेपा होतात आणि जाऊन येऊन प्रत्येक खेपेत एक किलोमीटर रेताड वाट व एक किलोमीटर डांबरी रस्ता पडतो. रेतीचे 1.44 व डांबराचे 0.48 मिळून 1.92 युनिट झाले. वारंवार थांबणे, निघणे, वळणे यांसाठी पाव हिस्सा वाढवावा. म्हणजे दिवसाची गरज 2.4 युनिट ठरते.

शिसे-ॲसिडची बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक रिकामी करू नये, कारण रोज खोलवर उपसल्यास तिच्या पट्ट्या लवकर झडतात. त्यामुळे वर सांगितलेल्या 4.8 युनिटांतील 2.4 युनिटच वापरता येतात. गरज बरोबर तेवढीच आहे, म्हणून हा संच पुरेल असे वाटते, आणि फसगत होते ती नेमकी येथेच. बॅटरीवर छापलेले अँपिअर-तास पुष्कळदा वीस तास सावकाश वीज घेतली असता मिळणारे असतात. गाडी तीच वीज चार-पाच तासांत घेते तेव्हा ते पाचवा हिस्सापर्यंत कमी भरतात. शिवाय जुनी होत जाणारी बॅटरी हळूहळू पाचवा हिस्सा आणखी गमावते. तेव्हा विक्रेत्यास पाच तासांच्या दराने किती अँपिअर-तास मिळतात ते विचारावे आणि या कामासाठी त्या दराने 130 अँपिअर-तासांचा संच घ्यावा. तो जुना झाला तरी सुमारे अडीच युनिट देईल.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते. त्यामुळे 51.2 व्होल्ट, 75 अँपिअर-तासांचा लहान संच याच कामास पुरतो. शिसे-ॲसिडचा संच सुमारे दीडशे किलो भरतो, हा सुमारे चाळीस किलो. वाचलेल्या वजनाइतका माल जास्त नेता येतो, किंवा गाडी रेतीत रुतत नाही. शिसे-ॲसिडची बॅटरी साधारणतः पाचशे ते हजार वेळा भरता-उपसता येते, लिथियमची दोन हजार वेळा व त्याहूनही अधिक. ती भरण्यासही वेळ कमी लागतो. मात्र प्रारंभीची किंमत बरीच जास्त असते आणि बिघडल्यास गावच्या कारागिराच्या हातून ती दुरुस्त होत नाही. रोज, वर्षभर गाडी चालविणाऱ्यास लिथियम परवडते. जो वर्षातून साठ-सत्तर दिवसच गाडी काढतो त्याने शिसे-ॲसिडचा चांगला संच घेऊन तो नीट सांभाळणे शहाणपणाचे.

लिथियम घेताना एका गोष्टीची चौकशी अवश्य करावी. या बॅटरीत रक्षण करणारी एक विद्युत-पाटी असते. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह ओढला गेल्यास ती पुरवठा तोडते. आठास एक असा चढ 700 किलो वजन घेऊन ताशी 8 किलोमीटर वेगाने चढताना सुमारे सत्तर अँपिअर प्रवाह लागतो. पाटीची मर्यादा पन्नास अँपिअरची असेल तर भरलेली गाडी चढाच्या मध्यावर बंद पडेल व मागे सरकेल. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे गाडीत प्रवासी बसलेले असतात, तेथे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. सर्वांत उभ्या चढावर भरलेली गाडी प्रत्यक्ष चालवून दाखविल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

संचाच्या जोडणीसंबंधी थोडे सांगणे आवश्यक आहे. 48 व्होल्टसाठी 12 व्होल्टच्या चार, 8 व्होल्टच्या सहा किंवा 6 व्होल्टच्या आठ बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. जागा असल्यास 8 किंवा 6 व्होल्टच्या बॅटऱ्या अधिक टिकाऊ पडतात. मात्र सांधे वाढतात आणि किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत प्रत्येक सांधा हे गंज धरण्याचे एक ठिकाण होय. मोटारीची, म्हणजे इंजिन सुरू करण्यासाठीची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून येथे बसवू नये. तिच्या पट्ट्या पातळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह देणे हेच तिचे काम. चारांपैकी एक बॅटरी गेली म्हणून तीन जुन्यांत एक नवी घालणे, किंवा दिवा व भोंगा यांसाठी चारांपैकी एकाच बॅटरीवरून तार काढणे, हे दोन्ही प्रकार गॅरेजांत सर्रास चालतात. दोहोंमुळे संच असमतोल होऊन अकाली निकामी होतो.

शिसे-ॲसिडच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी मचूळ असते; ते उकळून, गाळून घातले तरी त्यातील मीठ जात नाही व पट्ट्यांचा नाश होतो. पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरावे. आधी काठोकाठ भरल्यास चार्जिंगच्या वेळी ॲसिड उतू जाते. चार्जिंग होत असताना स्फोटक वायू निघतो, म्हणून ती जागा उघडी, हवेशीर असावी व तेथे कोणी विडी पेटवू नये. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमल्यास जोडणी सोडवून, झाकणे घट्ट असल्याची खात्री करून, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी व व्हॅसलीन चोपडावे.

पावसाळ्यातील विश्रांतीत अधिक नुकसान होते. जूनमध्ये अर्धवट रिकामी ठेवलेली शिसे-ॲसिडची बॅटरी नवरात्रात काढली असता तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसलेला असतो आणि तो सहसा निघत नाही. तिला पूर्ण भरून ठेवावे व दर महिन्यास एकदा चार्जिंग द्यावे. लिथियमची मात्र निम्मी भरून, तारा सोडून, कोरड्या उंच जागी ठेवावी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस आले तेव्हा अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती, हे लक्षात ठेवून वादळाची सूचना मिळताच चार्जिंग उरकून घ्यावे.

निकामी संच भंगारवाल्यास उघड्यावर फोडू देऊ नये. शिशाची पूड वाडीच्या मातीत व विहिरीत उतरते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिशास भावही चांगला असतो, तेव्हा नवा संच घेताना जुन्याचे वजन आपल्यासमोर करून घ्यावे व तेवढी रक्कम बिलातून वजा झालेली पाहावी.