ऑफव्हाइट, बेज की राखाडी?

शेड कार्डावर ऑफव्हाइट, बेज आणि फिकट राखाडी हे तिन्ही रंग साधेच दिसतात. भिंतीवर मात्र त्यांच्यातली छुपी छटा वर येते: कुणात पिवळी, कुणात गुलाबी, कुणात निळसर. ती ओळखायची सोपी युक्ती म्हणजे शेड कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पिवळट क्रीम लगेच उघडं पडतं.

खोलीची दिशा फार महत्त्वाची. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही, उजेड थंड असतो. तिथे निळसर राखाडी उदास वाटते, बेज खुलतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या उन्हात तोच बेज चक्क केशरी होतो, म्हणून तिथे मला राखाडीच आवडते. दिवेही बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली क्रीम फिकं पडतं, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली उबदार दिसतं.

डब्याच्या माहितीपत्रकात किंवा कंपनीच्या साइटवर बऱ्याचदा एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो, हा आकडा असतो. शून्य म्हणजे काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. अंधाऱ्या खोलीला मी ७०च्या वरचीच छटा सुचवेन.

आणि फरशी विसरू नका! चकचकीत पिवळसर व्हिट्रिफाइड टाइल्सचा रंग भिंतीच्या खालच्या भागावर उतरतोच.

नमुना जुन्या रंगावर थेट लावू नका. प्राइमर मारलेल्या दोन बाय दोन फुटांच्या प्लायवर दोन हात द्या, तो वेगवेगळ्या भिंतींशी उभा करून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघा. मगच पेंटरला डबा आणायला सांगा.