देश जाहीर केला, पण सही कोणाची? मुक्त दादरा-नगर हवेलीची सात वर्षे

मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातील गावे पाण्यासाठी किती वर्षे झगडत आहेत, हे इथल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. वैतागलेल्या माणसाच्या तोंडी 'त्यापेक्षा कर्नाटकात जातो' हे वाक्य आपल्याकडे जुनेच आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी शेजारच्या जत तालुक्यातील गावांवर दावा सांगितला, तेव्हा ही भाषा पुन्हा जोर धरू लागली. आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाने तर त्यापुढचे विचारले: एखाद्या भागाने स्वतःला थेट स्वतंत्र देशच जाहीर केले तर?

पुस्तकी उत्तर असे आहे. 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात देश म्हणवून घेण्यासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत: कायमची लोकवस्ती, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. इतरांनी मान्यता दिली नाही तरी देशाचे अस्तित्व उरते, असेही त्या करारात म्हटले आहे. पण तुमचे पत्र कोणी घेतच नसेल, तर ती चौथी अट तुम्ही पूर्ण कशी करणार? याचे उत्तर शोधायला कोसोव्हो किंवा सोमालीलँडपर्यंत जायची गरज नाही. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असा एक 'देश' सात वर्षे होता.

दादरा आणि नगर हवेली हा दमणच्या पोर्तुगीजांच्या ताब्यातला, पण चारही बाजूंनी भारताने वेढलेला भाग. वस्ती बहुतांश वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींची. जुलै 1954 मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादऱ्याची पोलीस चौकी घेतली. त्यात पोर्तुगीज पोलीस मारले गेले. नंतर आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक नरोलीत व पुढे सिल्व्हासात शिरले. त्यांत सुधीर फडके होते, राजाभाऊ वाकणकर होते. कम्युनिस्टही वेगळ्या आघाडीवर होते. 2 ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झाल्याचे जाहीर झाले. इतक्या वेगवेगळ्या झेंड्यांचे लोक एका मोहिमेत होते, म्हणून आजही श्रेयाचा वाद संपत नाही. तो आपण बाजूला ठेवू. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे हे की, दमणहून कुमक आणायला पोर्तुगीजांना भारताच्या हद्दीतूनच यावे लागणार होते, आणि भारताने ती वाट बंद केली होती. ती उघडी असती तर हा 'देश' महिनाभरही टिकला नसता, असे आमचे मत आहे.

मग प्रशासक आला, सल्ला द्यायला वरिष्ठ पंचायत आली. पोर्तुगीज तिकिटांवर नवे नाव छापून ती वापरली गेली. लोक, जमीन, कारभार असे सगळे होते. मान्यता मात्र कोणाचीच नव्हती. भारतानेही ती दिली नाही आणि लगेच विलीनीकरणही केले नाही.

डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठवड्याभरात त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा टाकला. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे होते. भांडण गेले थेट पेशव्यांच्या दप्तरात. 1779 च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली होती. पोर्तुगाल म्हणे, ही सार्वभौम सत्ता दिली. भारत म्हणे, हा फक्त सरंजाम, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क.

न्यायालयाने सरंजामाचे म्हणणे मानले. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते. पण पुढे इंग्रज आले, त्यांना पोर्तुगीज तिथे राज्य करताना दिसले आणि त्यांनी ते गृहीत धरले, म्हणून पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व तयार झाले! हे वाचून मंगळवेढेकराला नवल वाटू नये. आपला तालुका 1948 पर्यंत पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. पटवर्धनांकडेही मुळात पेशव्यांनी फौजेच्या खर्चासाठी दिलेला सरंजामच होता. इंग्रजांनी मानले आणि त्याचे संस्थान झाले. महसुलाच्या हक्काची सत्ता होते, ती बलवान शेजाऱ्याच्या मान्यतेने. या दोन्ही ठिकाणी सारा भरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

12 एप्रिल 1960 चा निकाल दोन्ही बाजूंना थोडा थोडा देणारा होता. 1954 मध्ये पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल नेण्यापुरता वाटेचा हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे नेण्याचा नव्हता. वाट अडवून भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असे 9 विरुद्ध 6 मतांनी ठरले. खटला वाटेचा होता. त्या वाटेच्या टोकाला राहणाऱ्या वारल्यांना काय हवे, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

इथे बाबासाहेबांची आठवण करणे भाग आहे. सिल्व्हासा मुक्त झाल्यावर चोवीस दिवसांनी, 26 ऑगस्ट 1954 रोजी, त्यांनी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर भाषण केले. गोव्याचा प्रश्न सुरुवातीलाच विकत घेऊन, भाडेपट्ट्याने किंवा छोट्या पोलीस कारवाईने सुटू शकला असता, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच भाषणात चीनला ल्हासाचा ताबा घेऊ दिल्याबद्दल त्यांनी नेहरूंवर टीका केली. तिबेटला तर स्वतःचे सरकार होते, स्वतःचे चलन होते. पण ऐन वेळी मान्यतेची सही करणारा बलवान शेजारी नव्हता. उलट बांगलादेश पाहा. मार्च 1971 ला स्वातंत्र्य जाहीर, 6 डिसेंबरला भारताची मान्यता. तरीही 1972 मध्ये चीनने नकाराधिकार वापरला आणि संयुक्त राष्ट्रांत शिरायला 1974 उजाडले.

जून 1961 मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. आता अडचण अशी की करार करायचा कोणाशी? ज्याला भारताने देश मानलेच नाही, त्याच्या वतीने सही कोण करणार? तेव्हा तिथले प्रशासक, भारतीय सनदी अधिकारी के. जी. बदलानी, यांना एका दिवसासाठी पंतप्रधान करण्यात आले. 11 ऑगस्ट 1961 रोजी एका बाजूला नेहरू आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याच सरकारचा नोकर! हसू येते खरे, पण कागदावर ती सही लागतच होती. दहाव्या घटनादुरुस्तीने त्याच तारखेपासून हा भाग भारताचा झाला.

पोर्तुगालने मात्र तेव्हाही मानले नाही. त्यासाठी लिस्बनमधली हुकूमशाही एप्रिल 1974 मध्ये पडावी लागली. 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत करार झाला आणि गोवा-दमणबरोबर दादरा-नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. सिल्व्हासा हातातून जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.