सरकीच्या पिशवीतलं कलम २७

या आठवड्यात दाभोळ वीजप्रकल्पावर लिहायचं होतं. अंबड तालुक्यातल्या एका वाचकाच्या पत्रामुळं ते पुढं ढकलतो आहे. हा मुलगा एलएलएमला आहे, विषय आंतरराष्ट्रीय व्यापार आणि गुंतवणूक कायदा. शोधनिबंधाला विषय सुचत नाही. तो लिहितो, ‘घरी कपाशी आहे आणि पुस्तकात सगळं जिनिव्हा. दोन्हीची गाठ कुठं पडते?’

गाठ तुमच्या घरातच पडली आहे. पेरणीनंतर सरकीची रिकामी पिशवी टाकून दिली नसेल तर ती समोर ठेवा.

महाराष्ट्र हायब्रिड सीड्स म्हणजे महिको ही कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात सुरू केली. १९९८ मध्ये मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीनं तिच्यात २६ टक्के भागीदारी घेतली आणि मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्या कपाशीतल्या बीटी जनुकाचा परवाना दोघांची संयुक्त कंपनी इतर बियाणे कंपन्यांना देई आणि पिशवीमागं शुल्क घेई. शेतकऱ्यानं कृषी सेवा केंद्रात मोजलेल्या पैशांतला काही भाग असा पेटंटधारकाकडं जात होता.

आता दोन मजकूर शेजारीशेजारी मांडा. पहिला, जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा कराराचं कलम २७.३ (बी). सूक्ष्मजीव सोडून वनस्पती आणि प्राणी पेटंटमधून वगळायची मुभा ते देशांना देतं. पण वनस्पतींच्या वाणांना पेटंट, वेगळा परिणामकारक कायदा किंवा दोन्ही मिळून संरक्षण द्यावंच लागतं. दुसरा, आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ (जे). इथं वनस्पती ‘पूर्ण किंवा तिचा कोणताही भाग’ वगळली आहे, आणि ‘बियाण्यांसह’ असं स्पष्ट लिहिलं आहे. हे शब्द ट्रिप्सच्या त्या उपकलमात नाहीत. आपल्या संसदेनं ते घातले. माझ्या मते ट्रिप्सनंतरच्या आपल्या कायदेलेखनातलं हे सर्वांत विचारपूर्वक केलेलं काम आहे.

सगळा झगडा त्या ‘भागा’वर झाला. बॅक्टेरियातून घेऊन प्रयोगशाळेत रचलेला जनुक बियाण्यात गेला की बियाण्याचा भाग होतो का? मोन्सॅन्टो आणि जनुकाचा परवाना घेणारी बियाणे कंपनी नुझिवीडू सीड्स यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं ११ एप्रिल २०१८ रोजी ‘हो’ म्हणत पेटंट रद्द ठरवलं. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला सारला. एवढा तांत्रिक प्रश्न पुराव्याशिवाय सुटायचा नाही, म्हणून प्रकरण एकल न्यायाधीशांकडं परत पाठवलं. मला ते योग्य वाटतं. पण २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली आणि त्या खटल्यात पुरावा तपासला जायचा राहून गेला. तुम्हाला हवा असलेला प्रश्न तिथंच पडून आहे.

वाणांसाठी आपण वेगळा कायदा केला, २००१ चा. त्याच्या कलम ३९ नं शेतकऱ्याला पिकातलं बियाणं राखायला, पुन्हा पेरायला, वाटायला आणि विकायलाही मुभा दिली. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. वडिलांना विचारा, ही मुभा त्यांनी कपाशीत कधी वापरली का. त्यांची कपाशी संकरित असेल तर उत्तर ‘नाही’ असंच येईल. संकरित वाणाची दुसरी पिढी फुटते, झाडं एकसारखी येत नाहीत, जोम उतरतो. कायद्यानं दिलेला हक्क बियाण्याच्या गुणधर्मानंच कोरडा राहतो, आणि दरवर्षी नवी पिशवी आणावी लागते. निबंधात हे प्रकरण जरूर घाला. पुस्तकात वाचून हे सांगणारे पुष्कळ सापडतील, पण तुम्ही ते शेतात पाहिलं आहे.

राहिला गुंतवणुकीचा भाग. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये बीजी-२ या बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीची कमाल किंमत ८०० रुपये ठरली आणि त्यातलं जनुकाचं शुल्क सुमारे ७० टक्क्यांनी उतरवून ४९ रुपयांवर आणलं. शेतकऱ्याच्या बाजूनं हे बरं झालं. पण बौद्धिक संपदा ही बऱ्याच गुंतवणूक करारांत ‘गुंतवणूक’ धरली जाते. मग परदेशी भागीदाराला भारत सरकारविरुद्ध लवादात जाता आलं असतं का? भारत-अमेरिका गुंतवणूक करारच नाही. तिसऱ्या देशातल्या कंपनीमार्फत वाट काढावी लागली असती. अशी वाट अमेरिकी कंपन्यांनी एकदा महाराष्ट्रातच काढली होती, मॉरिशसमार्गे, गुहागर तालुक्यातल्या एका वीजप्रकल्पासाठी. ते दाभोळ, पुढच्या आठवड्यात.

तोवर भाष्यग्रंथ उघडू नका. कलम २७.३ (बी) आणि ३ (जे) हातानं वहीत उतरवून काढा, समोरासमोरच्या पानांवर, आणि जो शब्द एकीकडं आहे पण दुसरीकडं नाही त्याखाली रेघ मारा. ती वही घेऊन मार्गदर्शकांकडं जा.