गळाची जुनी काठी पारखताना

बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेली जुनी षटकोनी गळाची काठी हाती आली, की लोक आधी मुठीजवळचं नाव वाचतात. इंग्लंडमधल्या ॲनिकच्या 'हार्डी ब्रदर्स' या काठ्या बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं, की भाव चढतो. पण नावावरून कूळ कळतं, प्रकृती कळत नाही. त्यासाठी बांबूच पाहावा लागतो. काठीचे सुटे होणारे तुकडे शेजारी ठेवा. बहुतेक काठ्यांचे तुकडे सारख्या लांबीचे असतात. शेंड्याचा तुकडा चार बोटं आखूड भरला, तर तो मोडून नवी कडी बसवलेली असण्याचा संभव मोठा. काही कारागीर मुद्दाम असमान तुकडे करत, हा आक्षेप रास्त आहे. मग टोकाची जाडी बघा: मूळ शेंडा निमुळता असतो, तुटका जाडच राहतो.

पूर्वी पट्ट्या जनावरांच्या सरसाने जोडत. ओल लागली की सरस सुटे, म्हणून रेशमी दोऱ्याचे वेढे जवळजवळ घालत. त्यामुळे दाट वेढे बहुधा जुनेपणाचीच खूण, कमकुवतपणाची नव्हे. मात्र कडेवरून नख फिरवताना पट्ट्यांमध्ये फट लागली, तर नाव कितीही मोठं असो, पूर्ण किंमत देऊ नका. किंचित बाक शेकून काढता येतो. आणि जुनं वॉर्निश खरवडू नका. त्याखालचं अस्सल रेशीम आणि अक्षरं परत मिळत नाहीत.