शेगडीचे चार वेढे

शाहूवाडीच्या पश्चिमेला, आंबा-गजापूर-विशाळगडाच्या पट्ट्यात, पाऊस एकदा बसला की सरपण वाळायचं नाव घेत नाही. घरात गॅस असतो, पण घरभराच्या आंघोळीसाठी तो जाळायचं जिवावर येतं. मग माळ्यावरची विजेची शेगडी खाली उतरते. चिनी मातीची थाळी, तिच्या खाचेतून फिरवलेली उघडी कॉइल, आणि ती कुठंतरी तुटलेली. जळके वेढे कापायचे, उरलेली टोकं पक्कडीनं पिळून अडकवायची, की शेगडी चालू. वर समाधान असं, की "चार वेढं कमी झालं, तेवढीच लाईट कमी लागंल."

होतं नेमकं उलट. २००० वॉटच्या कॉइलचा रोध २३० व्होल्टला साधारण २६ ओहम असतो आणि ती पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. तिचा पाव हिस्सा कापला की रोध २० ओहमवर येतो आणि प्रवाह साडेअकरा अँपिअरवर जातो. शेगडी आता २६०० वॉटच्या पुढची झाली. तार मात्र कमी उरली, म्हणून उरलेल्या प्रत्येक वेढ्यावर पूर्वीच्या जवळजवळ पावणेदोन पट उष्णतेचा भार येतो. अशी कॉइल महिनाभरात पुन्हा तुटली तर कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यात शेगडीची पिन ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये असेल, तर कॉइलच्या आधी भिंतीतली वायर तापते.

काही जण वेढे मुद्दाम कापतात. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की २००० वॉटची शेगडी जेमतेम सव्वाबाराशे वॉटचं काम करते, कॉइल धड लाल होत नाही. वेढे कापले की ती लाल होते खरी. मध्यरात्री व्होल्टेज पूर्वपदावर येतं, तेव्हा कापलेले वेढे परत येत नाहीत.

ही तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तयार केला. तापल्यावर तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो, त्यामुळं ती लालबुंद होऊनही हवेत जळून जात नाही. पण हाच थर वीज नीट वाहू देत नाही. पिळून केलेल्या जोडात तो दोन टोकांच्या मध्ये बसतो, जोड बाकीच्या तारेपेक्षा जास्त तापतो आणि तिथंच ठिणग्या उडू लागतात. डाग देऊन उपयोग नाही, कथलाचा डाग दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो. तांब्याची वायर गुंडाळणं तर त्याहून वाईट, लाल कॉइलवर तांबं भराभर गंजून झडतं.

म्हणून तुटलेली कॉइल बदलायची, जोडायची नाही. नवी घेताना शेगडीवर लिहिलेल्या वॉटचीच घ्यावी. थाळीच्या खाचेत सुतळी फिरवून लांबी मोजावी आणि दोन्ही टोकं धरून कॉइल एकसारखी ताणत तेवढी करावी. एकीकडं दाट आणि दुसरीकडं विरळ राहिली, तर दाट वेढे एकमेकांना तापवतात आणि तार तिथंच जाते. जास्त ताणली तर ती मागं येत नाही. जुनी, वापरलेली कॉइल ताणायचा मोह टाळावा, ती ठिसूळ झालेली असते.

हीच जातकुळी व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, कॉइलची. परदेशात हौशी लोक ती घरी वळतात. तिथं व्होल्ट चारच, पण कॉइल ०.२ ओहमची केली की बॅटरीतून २० अँपिअर खेचले जातात. अनेक लिथियम सेलना तेवढे झेपत नाहीत, ते तापून फुटू शकतात. आपल्याकडं २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे, त्यामुळं तो उद्योग इथं मुळात करायचाच नाही.

शेगडीचा खरा धोका मात्र आगीइतकाच शॉकचा. पातेल्याचं बूड चेपून कॉइलला टेकलं की पातेलंच फेजला लागतं, आणि खाली ओली जमीन, अनवाणी पाय. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर शेगडीवरचं बटण न्यूट्रल तोडतं आणि बंद, गार शेगडीतही वीज उभी राहते. एमसीबी इथं कामाचा नाही, कारण जीव घ्यायला लागणारा प्रवाह त्याच्या दृष्टीनं किरकोळ असतो. ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच वीज तोडणारा आरसीसीबी आणि अर्थिंग असलेली तीन पिनांची १६ अँपिअरची जोडणी, एवढं लागतंच. कॉइल बसवताना बटणावर न थांबता पिनच उपसून ठेवावी. बसवून झाल्यावर मल्टिमीटरनं दोन गोष्टी बघाव्यात. कॉइलच्या दोन टोकांत २००० वॉटला २६, १००० वॉटला ५३ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा, आणि कॉइल व पत्र्याच्या बॉडीत काहीही जोड दिसता कामा नये. नायक्रोमचा रोध गार असताना आणि तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून गार कॉइलवरचा आकडा भरवशाचा असतो. मल्टिमीटर घरी नसेल तर गावातल्या वायरमनकडं असतोच.