बिऱ्हाड हलवताना

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. त्याला गाडी लागत नाही, हमाल लागत नाही. माणसाचे तसे नसते. चार वर्षे एका घरात राहिले की भांडी, पोती, पलंग, कपाट असा पसारा होतो. तो उचलायची वेळ आली की घाम फुटतो.

आणि ही वेळ आता पुष्कळांवर येते. माण-खटावासारख्या दुष्काळी भागातून माणसे साताऱ्याला, पुण्याला जातात. कोणी मुलांच्या शाळेसाठी जातो, कोणी नोकरीसाठी. शहरातले पैसेवाले लोक सामान बांधण्यापासून मांडण्यापर्यंतचे सगळे काम मोठ्या कंपनीला देतात. आपल्याला ते झेपत नाही. आपण एक टेम्पो ठरवतो आणि दोन हमाल लावतो. शिक्षकाची नोकरी बदलीची, म्हणून आम्हीही आजवर सहा वेळा घर हलवले. त्यावरून जे कळले ते इथे सांगतो.

आधी पैसा कुठे जातो ते पाहू. गाडी दारात उभी आहे. ड्रायव्हर घड्याळ बघतो आहे. हमाल भिंतीला टेकून बसले आहेत. आणि घरात काय चालले आहे? कारभारीण कपाटातले कपडे काढते आहे. धनी सुतळी शोधतो आहे. पोरगा पलंगाचे नट पिळतो आहे. हा सगळा वेळ आपल्या खिशातून जातो. हमालाला आपण ओझे उचलायला बोलावले आहे. आवराआवर आपली आपण करायची, आणि ती आदल्या दिवशीच संपवायची.

तुम्ही म्हणाल, त्यापेक्षा मजुरीच थोडी कमी करून घेऊ. तसे करू नका. पाच फुटी लोखंडी कपाट पाठीवर घेऊन जिना चढणे ही चेष्टा नाही. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. त्याच्या कामाला आणि मजुरीला महाराष्ट्रात १९६९ साली कायदा करावा लागला, इतकी त्याची ओढाताण होत होती. मजुरी वाजवी द्या, आणि ओझी व खेपा कमी करा. पैसे तिथे वाचतात.

आता गाडीविषयी. टाटा कंपनीची लहान गाडी २००५ साली निघाली. तिला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात. तिचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद. वजन पेलते सुमारे ७५० किलो. तुमच्या घरी धान्याची ५० किलोची १० पोती असली, तर ५०० किलो तिथेच झाले. मग कपाट, पलंग, जाते यांना उरले २५० किलो. अशा वेळी थोडे धान्य विकून टाकावे किंवा मोठी पिकअप गाडी सांगावी. जास्त माल भरला तर दंड होतो, आणि घाटात ब्रेक लागत नाहीत ते वेगळेच.

हिशेब करून बघा. समजा, एका खेपेचे भाडे २,५०० रुपये ठरले. दोन खुर्च्या आणि चार हंडे मागे राहिले, तर दुसऱ्या खेपेचे आणखी २,५०० रुपये. म्हणून रिकामी जागा न्यायची नाही. हंडा, घंगाळ, पाण्याचे पिंप ही सगळी पोकळ भांडी. त्यांत वाट्या, पेले, डबे, चादरी कोंबून भरा. मोडकी खुर्ची, फुटकी बादली, गंजलेला पत्रा बरोबर नेऊच नका. भंगारवाल्याला द्या, चार पैसे येतील. “असू दे, कधीतरी कामाला येईल” असे घरात कोणीतरी म्हणतेच. तिकडे कानाडोळा करावा.

भाडे ठरवताना तोंडी गोष्टीवर राहू नका. भाडे खेपेचे की दिवसाचे? चढवणे-उतरवणे त्यात धरले आहे की वेगळे? नव्या घरी किती मजले चढायचे? गाडी दारापर्यंत जाते की गल्लीच्या तोंडाशीच थांबते? टोल कोण भरणार? दोर आणि ताडपत्री कोणाची? हे सगळे आधी विचारा. मग एका चिठ्ठीवर लिहा आणि दोघांनी सही करा. बहुतेक भांडणे माल उतरवताना होतात, आणि तेव्हा चिठ्ठी उपयोगी पडते.

बांधण्यासाठी विकतचे सामान फारसे लागत नाही. किराणा दुकानात साबणाचे, बिस्किटांचे खोके मिळतात. जुनी वर्तमानपत्रे, फाटकी लुगडी, धोतरे, गोधड्या घरात असतातच. सुतळी मात्र चांगली घ्या. जड वस्तू लहान खोक्यात आणि हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात भराव्या. पुस्तकांनी मोठा खोका भरला तर तळ फाटतो. खोका एका माणसाला उचलता आला पाहिजे. आत वस्तू खुळखुळता कामा नये. वाजली तर अजून कागद कोंबा.

कपाट पूर्ण रिकामे करा. कपडे आत असले की वजन दुप्पट होते आणि पत्रा वाकतो. सुटे फळे काढून घ्या. दार बंद करून किल्ली आपल्याजवळ ठेवा. मग गोधडी गुंडाळून वर दोर आवळा. आरसा असेल तर त्यावर चिकटपट्टीची फुली मारा. काच तडकली तरी तुकडे अंगावर पडत नाहीत. पलंग आदल्या दिवशी सोडवून ठेवा. पाय आणि पट्ट्या कुठे जुळतात तिथे खडूने खूण करा: दोन्हीकडे १, दोन्हीकडे २. नट-बोल्ट एका पिशवीत घालून पिशवी पलंगाच्याच पायाला बांधा. नट एकदा हरवले की नव्या गावी सुतार शोधत फिरावे लागते.

जात्याचे दोन दगड वेगळे करा आणि खुंटा काढून घ्या. माठाला खाली चुंबळ आणि भोवती पेंढा. लोणच्याची बरणी काठोकाठ भरलेली नेऊ नका. तोंडाला फडके बांधून ती बादलीत उभी ठेवा आणि बादली आपल्याजवळ घ्या. एका घरी गादीवर फुटलेली बरणी आम्ही पाहिली आहे. त्या गादीचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

विजेच्या वस्तूंना जास्त जपावे. टीव्ही आडवा ठेवू नये. दोन गाद्यांच्या मध्ये उभा ठेवावा, आणि त्याच्या काचेवर काहीही टेकू देऊ नये. फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्या, आतून पुसून घ्या, आणि उभाच न्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तेजाब असते. तिच्या तारा सोडवा, ती उभी ठेवा, आणि शेजारी कपडे ठेवू नका.

गॅसची टाकी टेम्पोत घालू नये. दुसऱ्या गावी जात असाल तर टाकी आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत परत द्या. ते जोडणी बंद केल्याची पावती देतात. अनामत भरली असेल तर ती परत मिळते. ती पावती नव्या एजन्सीत दाखवली की जोडणी मिळते. शेगडी आपलीच असते, ती बरोबर न्यावी. रॉकेलचे कंदील रिकामे करूनच न्या.

आता लिहिण्याचे काम. तुम्ही अक्षरे गिरवलीत, अंक शिकलात, त्याचा इथे रोख उपयोग आहे. प्रत्येक खोक्यावर आणि गाठोड्यावर अंक घाला. खाली लिहा: ‘१४. स्वयंपाकघर. काच.’ वहीच्या पानावर तोच अंक आणि आत काय आहे ते लिहा. शेवटी एकूण नग मोजा. समजा ३७ आले. गाडीत चढवताना एकाने वही घेऊन उभे राहायचे आणि एकेका अंकावर खूण करायची. उतरवताना पुन्हा तसेच. मग “आमची कळशी कुठे गेली?” म्हणून कोणावर आळ घ्यावा लागत नाही. हमालालाही बरे वाटते, कारण त्याच्यावर विनाकारण संशय येत नाही.

काही वस्तू गाडीत जाताच कामा नयेत. दागिने, रोख पैसे, शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, सात-बाराचे उतारे, औषधे. हे सगळे एका पिशवीत घालून घरातल्या जाणत्या माणसाच्या हाती द्या. मुख्याध्यापक होतो म्हणून एक सांगितल्यावाचून राहवत नाही: मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला गाव सोडण्यापूर्वीच घ्या. नाहीतर त्यासाठी पुन्हा एसटीचे भाडे भरून यावे लागते.

एसटीवरून आठवले. बायका-पोरांना टेम्पोत सामानावर बसवू नका. कपाट सरकले तर माणूस चिरडते. मालाची गाडी माणसांसाठी नसते, आणि अपघात झाला तर भरपाईचेही वांधे होतात. एसटीने २०२३ मध्ये बायकांना अर्धे तिकीट लागू केले, तेव्हा तो खर्च काही मोठा नाही.

माल भरताना जड वस्तू ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि खाली: कपाट, पोती, जाते. पलंगाच्या फळ्या कडेला उभ्या. हलकी गाठोडी वर. जे उतरल्याबरोबर लागेल ते सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे ते आधी हाती येते. शेगडी, काडेपेटी, चहा-साखर, एक पातेले, पाण्याची कळशी, दिवा आणि अंथरूण. बिऱ्हाडे बहुधा मे अखेरीस हलतात, कारण जूनमध्ये शाळा उघडतात. वळवाचा नेम नसतो. आभाळ निरभ्र असले तरी वरून ताडपत्री ओढून दोराने काचून घ्या.

नव्या घरी आधी झाडलोट करून घ्या. कपाट आणि पलंग कुठे ठेवायचे ते हमाल असतानाच ठरवा. ते गेल्यावर कपाट सरकवायला शेजाऱ्यांना हाका माराव्या लागतात. नगांवर खुणा झाल्या, ३७ चे ३७ भरले, की मजुरी चुकती करा आणि त्यांना चहा द्या. फ्रिज मात्र लगेच सुरू करू नका. हलल्यामुळे त्याच्या यंत्रातले तेल जागचे हललेले असते. तो तीन-चार तास उभा राहू द्या. वाटेत आडवा झाला असेल तर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बटण दाबा.