एका तारेचे दोन मजले

बारामती ०२११२, इंदापूर ०२१११. एसटीडी बूथमध्ये मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून ज्यांनी हे क्रमांक फिरवले, त्यांना ते अजून पाठ असतील. बोलणं खासगी राहावं म्हणून बूथला काचेचं दार असे. तारेतून मात्र तेच बोलणं उघडंच जाई.

लँडलाइनवर आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात, विजेचा चढउतार होऊन तांब्याच्या जोडतारेवरून धावतो. खांबावरच्या डब्यात लाइनमनने तपासणीचा हातफोन लावला की तो ऐकू येतो. ट्रंक कॉलच्या काळात तर जोडून देणारा ऑपरेटरच मध्ये बसलेला. जमिनीचा सौदा, सोयरीक, आजारपण, भवानीनगर-वालचंदनगरकडचे उसाचे व्यवहार, सगळं या मधल्या माणसांच्या भलेपणावर सोपवलेलं होतं. बहुतेकांनी तो विश्वास पाळला, हे मला फार मोठं वाटतं.

उघड्यावर गुप्त बोलायची विद्या आपल्याकडे जुनीच. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. भोवती शंभर माणसं असोत, आकडा दोघांपुरता. व्यापाऱ्यांच्या सांकेतिक नंदभाषेत दोनाला आवारू. पण ही भाषा एकदा फुटली की कायमची फुटली. खरं कुलूप ते, ज्याची पद्धत जगाला ठाऊक असली तरी किल्लीवाचून उघडत नाही.

आवाजाला असं कुलूप घालणं एके काळी राष्ट्रप्रमुखांनाच परवडे. १९४३ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेचं ‘सिगसॅली’ हे यंत्र कामाला लागलं. वजन ५५ टन! बोलण्याचे आकडे करून त्यांत तबकडीवर मुद्रित केलेला यादृच्छिक गोंगाट मिसळायचा. हुबेहूब जुळी तबकडी पलीकडे, आणि वापरून झाली की दोन्ही नष्ट. म्हणजे किल्ली आधी समुद्रापार पोचवणं आलंच. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी ती अडचण सोडवली: ऐकणारा मध्ये बसलेला असतानाही दोघांना उघड्या तारेवर सामायिक किल्ली तयार करता येते. १९९५ मध्ये फिल झिमरमन यांचं ‘पीजीपीफोन’ आलं. संगणक आवाज आक्रसून कुलूपबंद करी आणि मोडेम तो साध्या टेलिफोन लाइनवरून पाठवी. मध्ये कुणी तोतया नाही ना, हे पाहायला दोघांनी पडद्यावरचे शब्द एकमेकांना वाचून दाखवायचे. ओळखीचा आवाज हीच खूण. रुमालाखालच्या बोटांशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

आपल्या घरांतल्या लँडलाइनपर्यंत हे कुलूप पोचलं नाही. संरक्षण राहिलं ते कायद्याचं. १८८५ च्या तार कायद्यानं सरकारला संभाषण ऐकण्याचा अधिकार दिला होता. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला वेसण घातली. फोनवरचं बोलणं खासगी आयुष्याचा भाग ठरलं. आदेश गृहसचिवांचा हवा, तो दोन महिन्यांत संपेल, आणि वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे नाही. आवश्यक निकाल, पण तो आदेश काढणाऱ्याला बांधतो. डब्यापाशी चोरून हातफोन लावणाऱ्याच्या कानांत बोळा बसवत नाही.

मग २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड त्याच तांब्यावरून आलं. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली, डेटा २५ च्या वर. भिंतीवरची छोटी डबी दोघांना वेगळं करी. वरच्या मजल्यावर बँकेचं पान आपल्या संगणकापासून बँकेपर्यंत कुलूपबंद जाई. खालच्या मजल्यावर तोच खातेक्रमांक आपण आकडा-आकडा सुटा करून, पलीकडे नीट ऐकू जावा म्हणून मोठ्यानं, दोनदा सांगत होतो.